बांबूच्या कांड्यांवरील खाचा

१/
जानेवारी १८५६. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक डीट्रिख ब्रँडिस पेगूच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून ब्रह्मदेशात रुजू झाले. १८५२ च्या युद्धानंतर हा प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आला होता. जहाजबांधणीसाठी सागाला प्रचंड मागणी होती, आणि वनात साग शिल्लक किती, याची विश्वासार्ह नोंद मात्र नव्हती.

२/
ब्रँडिस हत्तीवर बसून ठरलेल्या वाटेने निघत. डाव्या हातात बांबूच्या कांड्या, उजव्या हातात चाकू. वाटेलगतच्या पट्ट्यात साग दिसला की त्याचा घेर अदमासून त्या वर्गाच्या कांडीवर एक खाच पाडायची. ६ फूट वा त्याहून अधिक घेराचा साग पहिल्या वर्गाचा, अगदी कोवळा तो चौथ्या वर्गाचा. त्या पावसाळी अरण्यात कागद टिकला नसता, खाच टिकली. अशा पट्ट्यांवरून साऱ्या वनाचा अंदाज बांधला गेला. नमुना-पाहणीचे आजचे शास्त्र या कांड्यांना आपल्या पूर्वजांत गणते, ते योग्यच आहे.

३/
नुसती मोजणी पुरेशी नव्हती. दरवर्षी किती झाडे तोडावीत, हा खरा प्रश्न होता. दुसऱ्या वर्गाचे झाड पहिल्या वर्गात जाण्यास सुमारे २४ वर्षे लागतात, असा हिशेब ब्रँडिस यांनी मांडला. म्हणून तोडणीयोग्य सागाचा चोविसावा भाग तेवढा एका वर्षात तोडायचा. मुद्दल न मोडता व्याजावर भागवण्याचा हा व्यवहार कोणत्याही सावकाराला सहज समजला असता. लाकूडव्यापाऱ्यांना तो रुचला नाही, हे सांगणे नलगे.

४/
तरीही या पद्धतीची मर्यादा तिच्या साधनातच होती. सागासाठी चार कांड्या होत्या. ज्या बांबूवर खाचा पाडल्या जात, त्याच्यासाठी एकही नव्हती. त्या वनात राहणाऱ्या माणसांना काय हवे, हेही कोणत्या कांडीवर उमटणार नव्हते. ब्रँडिस स्वतः बहिरे नव्हते. फिरती शेती करणाऱ्या कारेन लोकांना हुसकावण्याऐवजी त्यांच्याच शेतात पिकाबरोबर साग लावून घेण्याची रीत त्यांनी रुजवली. पण त्या रीतीतही अखेर हिशेब सागाचाच झाला.

५/
१८७८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने देहरादूनची वनशाळा उभी राहिली. तेथे प्रामुख्याने रेंजर घडत. वरिष्ठ अधिकारी मात्र फ्रान्स-जर्मनीत शिकून येत. म्हणजे रोज वन तुडवणारा खाली आणि दुसऱ्याच खंडातील वने पाहून आलेला वर. क्षेत्र-अभ्यासाचे तंत्र पुढे सुधारत गेले. प्रश्न कोणी विचारायचे, ही उतरंड मात्र फारशी हलली नाही.

६/
तिची किंमत शतकानंतर बांबूनेच दाखवली. उत्तर कन्नड जिल्हा, जो १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दांडेलीच्या कागद गिरणीला तेथील बांबू टनाला दीड रुपया दराने मिळू लागला. बुरुडकाम करणाऱ्यांना बाजारात त्यासाठी कैक पट मोजावे लागत. बांबू झपाट्याने आटला. १९७५ च्या सुमारास पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे त्याचा अभ्यास आला.

बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी असते. कोंबांना मोकळीक मिळावी म्हणून ती साफ करावी, असा वनखात्याचा शिरस्ता होता. गावकरी सांगत होते की हे उलटे होते आहे. जाळी गेली की गुरे आणि वन्य जनावरे कोवळे कोंब खाऊन टाकतात. गाडगीळ व सहकाऱ्यांनी ही तक्रार गृहीतक म्हणून घेतली, कोंबांची पाहणी केली, आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. वनात बांबू किती आहे याचे मूळ सरकारी अंदाजही फुगवलेले निघाले.

७/
वनव्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला आज उपग्रहचित्रे वाचता येतात, जीपीएसने नमुनाक्षेत्र आखता येते, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यावा हे पाठ असते. गुराख्याशी तासभर बोलणे मात्र अभ्यासक्रमात असलेच तर शेवटी, ‘सामाजिक बाजू’ म्हणून येते. हा क्रम चुकीचा आहे. काय मोजायचे ते ठरण्याआधी हे बोलणे व्हायला हवे. नंतर केलेली विचारपूस हा निव्वळ उपचार ठरतो.

८/
१९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हा वृक्ष होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत मानते आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. तरी गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपला बांबू वाहून नेण्याचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार हाती पडायला एप्रिल २०११ उजाडले. त्या गावात तोवर कित्येक वर्षे अभ्यासगट चालत होते आणि गावकरी आपल्या वनाचा अभ्यास करत होते.