मशीन दिलं, पाटी लावली, पुढे काय?

रेडीत रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं, बाळंतीण अडली किंवा मोटारसायकलवरून पडून कुणाचं डोकं फुटलं, की घरात एकच शब्द उच्चारला जातो. बांबोळी. आधी शिरोडा, मग जमलं तर सावंतवाडी, आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसलं की तेरेखोलची खाडी ओलांडून पेडणे, म्हापसा करत बांबोळीचं गोमेकॉ. माझ्या सासरच्या तीन पिढ्यांनी हा रस्ता केला आहे. आम्ही महाराष्ट्राचे नागरिक असलो, तरी आजारी पडलो की गोव्याचे होतो.

गोव्याने हा भार वर्षानुवर्षं उचलला. पण १ जानेवारी २०१८ पासून राज्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, आणि आमच्या जिल्ह्यात खळबळ उडाली. दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. तेव्हा आम्ही गोवा सरकारवर चिडलो होतो. आता शांतपणे विचार केला तर वाटतं, त्यांचं काय चुकलं? १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला सुरू व्हायला २०२१-२२ हे वर्ष उजाडावं लागलं. चाळीस वर्षं शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि त्याने एक दिवस हिशेब विचारला की रागवायचं, हे बरं नाही. मग २०२० चा मार्च आला, राज्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि त्या विहिरीची वाटच बुजली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्याच वर्षी ईदच्या दिवशी आलेली एक बातमी. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीच्या पैशांतून ३६ लाख रुपये उभे करून तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं लोकार्पण केलं आणि समाजाचं कौतुक केलं. यंत्रमागांचं गाव, तिथले बरेच लोक रोजंदारीवरचे, आणि मागही तेव्हा बंद. तरीही त्यांनी हे केलं. ती बातमी आमच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा दहा वेळा फिरली.

का फिरली, तेही प्रामाणिकपणे सांगते. दोनच महिन्यांपूर्वी निजामुद्दीनच्या मर्कजच्या बातम्यांनी वातावरण असं झालं होतं की भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घ्यावी, इथवर काही ठिकाणी मजल गेली होती. अशा वेळी इचलकरंजीची बातमी म्हणजे आम्हाला मिळालेलं चांगल्या चालचलणुकीचं प्रमाणपत्र वाटलं. बघा, आम्हीही देतो. ही भावना मी समजू शकते, कारण ती माझीही होती. पण तिच्यातच आमची पुढची चूक दडलेली होती.

पुढच्या रमजानला, म्हणजे २०२१ मध्ये, आम्हीही ठरवलं. आसपासच्या चार-पाच गावांतल्या आमच्या लोकांनी फोनवरूनच वर्गणी जमवली. कुवेत-दुबईच्या मुलांनी पाठवले, मासळीवाल्या बायकांनी शंभर-दोनशे दिले, माझ्या वर्गातल्या एका मुलीने ईदीचे पन्नास रुपये आणून दिले. पावणेतीन लाख झाले. जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाला रक्ततपासणीचं मशीन द्यायचं ठरलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजणारं सेल काउंटर.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून पाटीचा मजकूर माझ्याकडे आला. मी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. ‘यांच्याकडून सप्रेम भेट’ की ‘यांच्या वतीने सविनय अर्पण’? समाजाचं नाव वर की खाली? उर्दूतही एक ओळ असावी का? चर्चा रंगली, कुणी रुसलं, शेवटी पाटी झाली, फोटो झाला, स्थानिक पेपरात बातमी आली. मशीन सुरू ठेवायला दर महिन्याला काय लागतं, हा प्रश्न त्या दोन संध्याकाळी ना मला पडला, ना दुसऱ्या कुणाला.

दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, माझ्या सासऱ्यांना ताप आला. भातलावणी आटपली होती, शेतात पाणी, आणि त्या दिवसांत आमच्याकडे ताप म्हटला की पहिली भीती लेप्टोची. त्याच रुग्णालयात नेलं. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. प्लेटलेट आणि किडनीची तपासणी लगेच हवी म्हणाले, पण ती बाहेरून करून आणा. मी म्हटलं, मशीन आहे ना तुमच्याकडे? ते ओशाळले. सिस्टर मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर फुलाफुलांच्या चादरीखाली आमचं मशीन होतं. वर भिंतीवर माझी पाटी, स्वच्छ पुसलेली.

सिस्टर म्हणाल्या, “मशीन बरा आसा, बाई. पण रीएजंट सपलो, तो कोण हाडतलो? आणि लॅबवालो बदली होऊन गेलो, दुसरो इलोच नाय.”

खाजगी लॅब संध्याकाळी बंद झालेली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला आणि तो पाहून डॉक्टरांनी तोच शब्द उच्चारला. बांबोळी. अब्बा वाचले. नऊ दिवस तिथे राहून घरी आले. पण ती एक रात्र मी विसरलेली नाही. आमच्याच पैशाचं मशीन दहा पावलांवर होतं आणि आम्ही सकाळची वाट बघत बसलो होतो.

मी हे त्या रुग्णालयाची तक्रार म्हणून लिहीत नाही. तिथली माणसं आहेत त्या साधनांत राबत होती. माझी तक्रार आमच्याविरुद्ध आहे. आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय हवं. आम्हाला काय देताना फोटो चांगला येईल, ते आम्ही ठरवलं. रीएजंटच्या बाटल्यांचा फोटो कोण काढतो? वार्षिक देखभालीच्या करारावर पाटी कुठे लावणार?

आपल्या इतिहासात याचं उत्तर आहे, आणि ते आपणच विसरलो. कैरोत सुलतान कलावून याने १२८४ च्या सुमारास मोठा बीमारिस्तान, म्हणजे रुग्णालय बांधलं. त्या इमारतीइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे तिच्यामागचा वक्फ. मिळकतींचं उत्पन्न रुग्णालयाला बांधून दिलं होतं आणि त्यातून हकिमांचे पगार, औषधं, रुग्णांचं जेवण असा रोजचा खर्च भागायचा. देणाऱ्याला ठाऊक होतं की भिंती एकदाच बांधायच्या असतात, पण रुग्ण रोज येतो. आपण आज वक्फवर मोर्चे काढतो, भाषणं करतो. वक्फची मूळ कल्पना मात्र आपल्या वर्गणीत कुठेच दिसत नाही.

इतकं लांब जायलाही नको. आमच्या वेंगुर्ल्याचं सेंट लूक्स हॉस्पिटल बघा. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन इथे राहून लोकांवर उपचार करत होते. त्यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत होता. त्यांच्या धर्मकार्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, एक गोष्ट उघड आहे. त्यांनी नुसतं सामान पाठवलं नाही. डॉक्टर कुटुंबासकट येऊन राहिला.

आता जकातीचा मुद्दा, कारण आमच्याकडे खरा वाद तिथेच होतो. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. जकात हकदाराच्या मालकीची व्हावी लागते, याला फिकहमध्ये तमलीक म्हणतात, आणि म्हणून इमारतीला किंवा यंत्राला जकात लागू पडत नाही, असं बहुतेक जुन्या आलिमांचं मत आहे. काही आधुनिक आलिम ‘अल्लाहच्या मार्गात’ या हकदारीचा अर्थ व्यापक घेतात. मी आलिम नाही. इचलकरंजीच्या लोकांकडे बोट दाखवण्याचा तर माझा मुळीच हेतू नाही. पण मला वाटतं, या मतभेदातच एक चांगली वाटणी दडलेली आहे.

यंत्र, रीएजंट, दुरुस्ती, लॅबवाल्याचं मानधन, हे सगळं सदका, लिल्लाह, इमदाद यांच्या पैशातून व्हावं. या पैशाला धर्माची अट नाही. मशीनमध्ये रक्ताचा थेंब घातल्यावर ते नाव विचारत नाही, आपणही विचारू नये. आणि जकात थेट गरीब रुग्णाच्या हातात जावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, हे खरं. पण योजनेत बसण्याआधीच्या तपासण्या, बांबोळीपर्यंतची गाडी, सोबतच्या माणसाचं आठ दिवसांचं जेवण, बुडालेली मजुरी? माणूस कर्जात बुडतो तो इथे. कर्जदार हा तर आठ हकदारांपैकी एक आहे. गरीब शेजारी गावडा असो की भंडारी, त्याच्यासाठी सदक्याची पेटी उघडी असावी. दोन पेट्या, दोन वह्या. एवढं साधं आहे.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, हे सरकारचं काम आहे, आपण कर भरतो, आपण का द्यायचं? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणते की देताना मागायलाही शिका. आमच्या देणगीच्या पत्रात एक ओळ हवी होती: मशीन आम्ही देतो, लॅब टेक्निशियनची रिकामी जागा कधी भरणार ते लेखी कळवा. पावणेतीन लाख देणाऱ्याचं म्हणणं अधिकारी ऐकतात. आम्ही ते वजन फोटोत खर्च केलं. वर्गणीने सरकारची जबाबदारी संपत नाही, उलट ती बोलून दाखवायचा हक्क वाढतो.

दुसरा आक्षेप जमातीतूनच येतो. आपलीच मुलं शिकायची राहिलीत, मशिदीचं छप्पर गळतंय, आणि तुम्ही सरकारी दवाखान्याला काय देताय? छप्पर जरूर दुरुस्त करा. पण गळक्या छपराखाली नमाज होते. बंद मशीनवर प्लेटलेट मोजता येत नाहीत.

तिसरी एक गोष्ट कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, म्हणून मीच मांडते. बैठकीत बायका नसतात. रुग्णालयात मात्र सोबतीला, रांगेत, लॅबच्या दारात आम्हीच असतो. कुठली तपासणी बाहेरून करावी लागते, कुठल्या वेळी कोण नसतं, बाळंतपणाच्या खोलीत पंखा चालतो की नाही, हे सिस्टरांच्या खालोखाल आम्हाला ठाऊक असतं. आमच्या वर्गणीत बायकांच्या शंभर-दोनशेच्या नोटा होत्या. त्यांचं मत त्यात नव्हतं.

म्हणून येत्या रमजानसाठी माझं सांगणं असं. आधी रुग्णालयात जाऊन डॉक्टर, सिस्टर आणि लॅबमधल्या माणसाला विचारा आणि ते लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यामार्फत पावती घेऊन द्या. नोंदणीकृत संस्था नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्या. आजच्या वातावरणात आपला हिशेब दुसऱ्यापेक्षा दुप्पट स्वच्छ असावा लागतो. जमलेल्या पैशातले निम्मे यंत्राला, निम्मे पुढच्या तीन वर्षांच्या खर्चाला बाजूला ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी दोन माणसं, त्यातली एक बाई, जाऊन चादर उचलून बघू देत.

आम्ही गेल्या वर्षी एवढंच केलं. नवीन काही घेतलं नाही. रीएजंट आणलं, मशीन दुरुस्त करून घेतलं, टेक्निशियनसाठी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जानंतर आठवड्यातून तीन दिवस माणूस येऊ लागला. बाकीच्या चार दिवसांसाठी चौथा अर्ज मी काल लिहिला आहे. पाटी लिहिण्यापेक्षा अर्ज लिहायला कमी वेळ लागतो. त्यात कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, असा प्रश्न येत नाही.