विश्लेषण : परदेशातील नोकरी सुटली की आरोग्य विमाही संपतो… अनिवासी भारतीयांनी विमा कुठे आणि कधी घ्यावा?

आयुर्विम्याची पॉलिसी विमाधारकाबरोबर जगभर फिरते. आरोग्य विमा मात्र देशाला आणि बहुतेकदा व्हिसाला बांधलेला असतो. हा फरक वेळीच लक्षात न घेतल्याची किंमत मायदेशी परतल्यावर, नेमकी उतारवयात मोजावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या सर्वेक्षणानुसार, परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक म्हणजे २०.५ टक्के आहे. केरळचा वाटा १९.७ टक्के. हा पैसा पाठवणाऱ्या देशांत अमेरिकेपाठोपाठ संयुक्त अरब अमिरातीचा क्रमांक लागतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गपासून गोव्यापर्यंत अनेक घरांचा गाडा दुबई, दोहा किंवा कुवेतमधील एका पगारावर चालतो. तो पगार अचानक थांबला, कमावता माणूस आजारी पडला किंवा दगावला तर काय, हा प्रश्न मात्र बहुतेकदा वेळ आल्यावरच विचारला जातो. मुदत विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला. त्यामुळे परदेशात राहून भारतात विमा घ्यावा का, हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे.

आखातातील कंपनीचा विमा पुरेसा का नाही?

संयुक्त अरब अमिरातीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. अबू धाबीत २००६पासून, दुबईत २०१४पासून टप्प्याटप्प्याने आणि शारजा, अजमान, रास अल खैमा, उम्म अल कुवेन व फुजैरा या उर्वरित अमिरातींत १ जानेवारी २०२५पासून ही सक्ती लागू झाली. या पाच अमिरातींत कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला ३२० दिऱ्हॅमची मूलभूत पॉलिसी उपलब्ध आहे. विम्याशिवाय निवासी परवाना मिळत नाही किंवा त्याचे नूतनीकरण होत नाही. दुबईतील मूलभूत पॉलिसीची वार्षिक मर्यादा दीड लाख दिऱ्हॅम आहे. तिथे कर्मचाऱ्याचा विमा काढण्याची जबाबदारी मालकाची असते, पण पत्नी-मुलांचा विमा त्यांना प्रायोजित करणाऱ्याने, म्हणजे बहुतेकदा स्वतः कर्मचाऱ्यानेच काढायचा असतो.

हे संरक्षण कमी नाही. प्रश्न त्याच्या मुदतीचा आहे. विमा मालकाने काढलेला असतो आणि व्हिसा मालकाच्या नावे असतो. नोकरी सुटून व्हिसा रद्द झाला की विमाही संपतो. आखातात कितीही वर्षे काढली तरी बहुतेकांना तिथे कायमचे राहता येत नाही. म्हणजे पन्नाशी-साठीत, मधुमेह किंवा रक्तदाब जडलेला असताना, हा माणूस भारतात परततो तेव्हा त्याच्याकडे कोणताही आरोग्य विमा नसतो. तिथे वीस वर्षे सलग विमा होता, हा इतिहास भारतीय कंपनीकडे नवी पॉलिसी घेताना जमेस धरला जात नाही. पोर्टेबिलिटीची सोय भारतातील विमा कंपन्यांच्या आपापसातच आहे.

अमेरिका, ब्रिटनमध्ये परिस्थिती वेगळी आहे का?

व्यवस्था वेगळी, धोका सारखाच. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा कंपनीमार्फत असतो. नोकरी गेल्यास ‘कोब्रा’ कायद्याखाली तो साधारणतः १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. मात्र आतापर्यंत कंपनी भरत असलेला हिस्सा आणि दोन टक्के शुल्क असा सगळा भार स्वतः उचलावा लागतो. त्याच वेळी नवी नोकरी शोधण्यासाठी हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. त्या बदल्यात तेथील सरकारी आरोग्य सेवा मिळते, पण ब्रिटन सोडल्यावर तिचा उपयोग नाही.

भारतातील आरोग्य विमा परदेशात असतानाच घेण्यात काय अर्थ?

भारतातील बहुतेक आरोग्य पॉलिसी फक्त भारतातील उपचारांचा खर्च देतात. त्यामुळे ‘मी दुबईत, मग इथला हप्ता कशाला भरू’ हा विचार स्वाभाविक आहे. पण या हप्त्याने उपचारांबरोबर आणखी एक गोष्ट विकत घेतली जाते, ती म्हणजे वेळ.

पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. विमा नियामक ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२४पासून त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

समजा, मधुमेह असलेल्या व्यक्तीने ४५व्या वर्षी, परदेशात असतानाच, आजाराची खरी माहिती देऊन भारतात पॉलिसी घेतली आणि ती ५०व्या वर्षी परतली. तिचा प्रतीक्षा कालावधी संपलेला असेल आणि ६० महिनेही पूर्ण झालेले असतील. तीच पॉलिसी परतल्यावर घेतली, तर मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी ५३व्या वर्षापर्यंत थांबावे लागू शकते. शिवाय हप्ता वाढीव वयाचा आणि पॉलिसी मिळेलच याची खात्री नाही. तोवर हृदयविकार जडला, तर कंपनी प्रस्तावच नाकारू शकते. ज्या वर्षांत पॉलिसीचा एक रुपयाही वापरला जात नाही, त्याच वर्षांत ती परिपक्व होत असते.

गावाकडच्या आई-वडिलांचे काय?

परदेशातील आरोग्य विमा मुलाला आणि फार तर त्याच्या पत्नी-मुलांना मिळतो. आई-वडील गावीच असतात. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा बंधनकारक राहिलेली नाही. २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध करणे अपेक्षित आहे. पण त्या वयातला हप्ता मोठा असतो आणि अनेक पॉलिसींत खर्चाचा ठरावीक हिस्सा विमाधारकाला सोसावा लागतो.

सरकारी योजनांचाही विचार व्हायला हवा. ७० वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४पासून मिळते. खासगी पॉलिसी असली तरी या योजनेत नाव नोंदवता येते. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत वाढली आहे, तर गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मुलगा परदेशात कमावतो म्हणून ७० वर्षांवरील आई-वडील आयुष्मान भारतसाठी अपात्र ठरत नाहीत. मात्र कार्ड आधी काढून ठेवावे लागते आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे ठाऊक असावे लागते.

आयुर्विमा भारतातला घ्यावा की तिथला?

अनिवासी भारतीयांना भारतात मुदत विमा घेता येतो. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून किंवा परकीय चलनात भरता येतो. वैद्यकीय चाचणी अनेक जण गणपती, ईद किंवा नाताळच्या सुट्टीत गावी आल्यावर उरकतात. काही कंपन्या दूरध्वनी किंवा व्हिडीओवरूनही माहिती घेतात. एलआयसीची बहारीनस्थित उपकंपनी आखातातच डॉलरमधील पॉलिसी देते.

निवड करताना कुटुंबाचा खर्च पुढे कोणत्या चलनात होणार, हा प्रश्न महत्त्वाचा. घर, शेती, कर्ज आणि मुलांच्या शाळा भारतात असतील तर रुपयातील विमा सोयीचा. मुले परदेशातच शिकणार असतील तर केवळ रुपयावर विसंबणे धोक्याचे. २०१५मध्ये एक डॉलर सुमारे ६४ रुपयांना मिळत होता. डिसेंबर २०२५मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. एक कोटीचा विमा कागदावर एक कोटीच राहतो, पण डॉलरमध्ये तो आकसत जातो.

विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या योजनांबाबत सावधगिरी हवी. आखातात २०-२५ वर्षांच्या अशा योजना विकताना सुरुवातीलाच भरघोस कमिशन कापले जात असे. त्यावर अमिरातीच्या नियामकाने २०२०मध्ये मर्यादा आणल्या. भारतात १ एप्रिल २०२३नंतरच्या पारंपरिक पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता पाच लाखांपेक्षा अधिक असेल, तर मुदतपूर्तीच्या रकमेवरील करसवलत मिळत नाही. मृत्यूनंतरची विमा रक्कम करमुक्तच राहते. अमेरिकेत कर भरणाऱ्यांना भारतातील रोख मूल्य असलेल्या पॉलिसींची माहिती तेथील यंत्रणेला द्यावी लागू शकते. साध्या मुदत विम्यात रोख मूल्य नसल्याने हा गुंता बहुधा उद्भवत नाही.

जीएसटी शून्य झाल्याचा अनिवासींना किती फायदा?

हजार रुपयांच्या मूळ हप्त्यावर आधी १८० रुपये कर लागत होता, तो गेला. एनआरई खात्यातून किंवा परकीय चलनात हप्ता भरणाऱ्या अनिवासींना मुदत विम्यावर ही सूट यापूर्वीही मिळू शकत होती, पण कागदपत्रे द्यावी लागत. आता तो व्याप उरला नाही आणि आई-वडिलांच्या आरोग्य पॉलिसीलाही फायदा मिळतो. मात्र विमा कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ता वाढला आहे का, हे तपासावे. समूह विम्याला ही सूट लागू नाही.

कमी पगारावर काम करणाऱ्यांसाठी काय सोय आहे?

दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि आखातासह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना सरकारी परवानगी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या मूळ हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. जून २०२४मध्ये कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४०हून अधिक भारतीयांचा बळी गेला, तेव्हा अशा संरक्षणाची गरज ठळकपणे पुढे आली.

परंतु ‘अपघाती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खोलीत झोपेत हृदयविकाराचा झटका आला, तर ही रक्कम मिळत नाही. ही उणीव लक्षात घेऊन दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या पुढाकाराने मार्च २०२४पासून कामगारांसाठी समूह विमा योजना सुरू झाली. सुरुवातीला तिचा वार्षिक हप्ता ३७ ते ७२ दिऱ्हॅम आणि संरक्षण ३५ हजार ते ७५ हजार दिऱ्हॅम होते. नैसर्गिक मृत्यूचाही त्यात समावेश आहे. पण ही योजना कंपनीमार्फत मिळते. त्यामुळे मालकाने ती घेतली आहे का, हे कामगाराने विचारणे गरजेचे ठरते.

दावे कुठे अडकतात?

पहिले कारण माहिती लपवणे. वास्तव्याचा देश, कामाचे स्वरूप, धूम्रपान, जुने आजार आणि परदेशात घेतलेले उपचार प्रस्तावात नमूद करावे लागतात. तेल प्रकल्पावर किंवा जहाजावर काम करणाऱ्याने ‘कार्यालयीन नोकरी’ लिहिणे महागात पडू शकते. विमा कायद्याच्या कलम ४५नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. पण त्याआधी झालेल्या मृत्यूची कंपनी कसून चौकशी करू शकते. भारतात असताना पॉलिसी घेऊन नंतर परदेशी गेलेल्यांनीही कंपनीला तसे कळवावे.

दुसरे कारण कागदपत्रे. परदेशातील मृत्यूचा दाखला, त्याचे भाषांतर, दूतावासातील नोंद, पासपोर्ट आणि रुग्णालयाचा अहवाल जुळवताना कुटुंबाची दमछाक होते. तिसरे कारण नामनिर्देशन. लग्नाआधी आईचे नाव लावले आणि नंतर बदललेच नाही, असे असेल तर पत्नीसमोर पेच उभा राहतो. २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर विमा रकमेवर त्यांचाच लाभार्थी म्हणून हक्क असतो. त्यामुळे हे नाव नुसती औपचारिकता राहिलेले नाही.

परतण्यापूर्वी काय करावे?

आरोग्य पॉलिसी परतण्याच्या किमान तीन वर्षे आधी सुरू झालेली असावी. नवी पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्या काळात प्रस्तावातील प्रत्येक उत्तर पुन्हा वाचावे. परदेशात घेतलेली पॉलिसी भारतात परतल्यावरही पुढे चालू ठेवण्यास परकीय चलनविषयक नियमांची आडकाठी नाही, त्यामुळे ती घाईने मोडू नये. तिथले वैद्यकीय अहवाल सोबत आणावेत.

सर्वांत शेवटचे काम पैशांचे नाही. पॉलिसी क्रमांक, कंपनीचा संपर्क आणि कंपनीमार्फत असलेल्या विम्याचा तपशील गावातील घरी कुणाला तरी ठाऊक असायला हवा. अनेक कुटुंबांना महिन्याला किती पैसे येतात हे नेमके माहीत असते, पण पैसे पाठवणाऱ्याचा विमा कुठे आहे, हे माहीत नसते.