गावाची साक्ष कोणी द्यावी?

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील लहानमोठ्या गावांतून गेल्या साठ-सत्तर वर्षांत एका विशिष्ट प्रकारचे वाङ्मय विपुल निर्माण झाले आहे. गावातील एखादे वृद्ध गृहस्थ किंवा एखाद्या आजीबाई आपल्या लहानपणचे गाव सांगतात. स्थानिक इतिहासमंडळ ते टिपून घेते आणि चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका छापून विक्रीस ठेवते. लोहाराचा भाता कोठे होता, पंपावर पाण्यासाठी पाळी कशी लागे, शाळेतील शेगडीजवळ कोणाची मुले बसत व दाराच्या वाऱ्यात कोणाची, सुगीच्या जेवणास कोणास बोलावीत, अशा गोष्टी तीत असतात. या लेखनाविषयी आमच्या एका विद्वान इतिहासाध्यापक मित्रांनी नुकताच पुढील अभिप्राय दिला: "हा इतिहास नव्हे, हा म्हातारपणाचा विरंगुळा होय. इतिहास कागदावर उभा राहतो, आजीबाईंच्या गोष्टींवर नव्हे." हे मत एकट्या आमच्या मित्रांचे असते तर आम्ही ते हसून सोडून दिले असते. परंतु आपल्या सुशिक्षित वर्गात ते इतके रूढ आहे की, त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सातासमुद्रापलीकडील खेड्यांची ही उठाठेव येथील वाचकांनी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ती खेडी आपणांस परकी राहिलेलीच नाहीत. ग्रे कवीचे १७५१ सालचे स्मशानातील शोकगीत आणि गोल्डस्मिथचे १७७० सालचे ओसाड गावावरील काव्य यांची पारायणे करून आपल्याकडील कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या. इंग्रज खेडुताचे चित्र आपल्या मनात आहे. पण ते कवीने काढलेले आहे. खेडुताचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे आपण कधी विचारले नाही, आणि ते न विचारताच त्या गावाची आपणांस ओळख आहे असे आपण समजत आलो. तेव्हा या वादात आपणही एक पक्षकार आहोत.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. स्मृती चुकते. ती दोन उन्हाळ्यांचा एक उन्हाळा करते, ऐकलेली गोष्ट पाहिलेली म्हणून सांगते, आणि बालपण संपले याचे दुःख गाव संपले या दुःखात मिसळून टाकते. लॉरी ली यांनी ग्लॉस्टरशायरमधील स्लॅड या खेड्यातील आपल्या बालपणावर १९५९ साली 'सायडर विथ रोझी' हे पुस्तक लिहिले. ते लाखो वाचकांनी डोक्यावर घेतले. परंतु त्यातील पियानोच्या कारखान्यास लागलेल्या आगीसंबंधीचा मजकूर बदनामीच्या दाव्यामुळे पुढील आवृत्तीत बदलावा लागला. आठवण ही साक्ष आहे, निकाल नव्हे, आणि साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे. येथपर्यंत आमच्या मित्रांशी आमचा मतभेद नाही.

मतभेद आहे तो यापुढे. उलटतपासणी आठवणीची व्हावी आणि कागदाची मात्र होऊ नये, हा कोठला न्याय? कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे आमचे मित्र क्वचितच विचारतात. इंग्लंडात प्रत्येक पॅरिशमध्ये नोंदवही ठेवण्याचा हुकूम १५३८ साली टॉमस क्रॉम्वेल याने काढला. त्या वह्यांत गरीब माणूस बहुधा तीनदा येतो: बाप्तिस्म्याच्या वेळी, लग्नाच्या वेळी व दफनाच्या वेळी. मधल्या पन्नास-साठ वर्षांत तो काय खात होता, कोणापुढे टोपी काढीत होता, याविषयी ती वही मुकी आहे. जमीनदाराच्या हिशेबात तो येतो तो थकबाकीदार म्हणून, आणि न्यायाधीशाच्या दप्तरात येतो तो ससा चोरून मारल्याबद्दल. या कागदांवरून रचलेला इतिहास खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. तो एकाच बाजूने पाहिलेला असतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शाळेचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांतून मुख्याध्यापकास रोजनिशी ठेवावी लागे. खेड्यातील अशी कोणतीही रोजनिशी उघडली तर शरद ऋतूत ठरावीक शेरा आढळतो: बटाटे काढण्याचे काम चालू असल्यामुळे हजेरी कमी. मुख्याध्यापकाच्या लेखी ही गैरहजेरी होती, कारण अनुदान हजेरीवर अवलंबून असे. पण त्या दिवशी ते मूल कोठे होते, गारठलेल्या मातीतून बटाटे उचलताना त्याच्या बोटांचे काय झाले, मिळालेले पैसे त्याच्या हाती राहिले की आईच्या जोड्यांसाठी बाजूस पडले, हे सांगणारा कागद जगात कोठेही नाही. ते सांगणारे फक्त ते मूल होते, आणि ते म्हातारे होईपर्यंत त्यास कोणी विचारले नाही.

कागदाच्या भक्तांस आम्ही याहूनही अवघड प्रश्न विचारू इच्छितो. कागदच नसेल तर काय करावयाचे? इंग्लंड व वेल्सची १९२१ सालची खानेसुमारी शंभर वर्षांची मुदत संपल्यावर २०२२ च्या जानेवारीत संशोधकांस खुली झाली. त्यानंतरची १९३१ ची खानेसुमारी १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळून खाक झाली. १९४१ साली युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. १९५१ ची खुली होण्यास अद्याप पाव शतक अवकाश आहे. मध्यंतरी काय ते १९३९ च्या सप्टेंबरात युद्धाच्या निमित्ताने केलेले नागरिकांचे नोंदणीपट तेवढे उरले आहे. म्हणजे दोन महायुद्धांमधील काळात जी मुले त्या गावांतून वाढली, त्यांच्या घरादारांची घरवार शिरगणती तीस वर्षे आपणांस उपलब्ध नाही. कागद जळतो, हे सत्य इतिहासाच्या प्राध्यापकांस आम्ही सांगावे लागणे हे चमत्कारिक आहे.

परंतु या वादाचे खरे मोल ग्रंथालयात कळावयाचे नाही. ते वेल्समधील अ‍ॅबरफॅन या कोळशाच्या खाणीच्या गावी कळते. १९६६ सालच्या ऑक्टोबरच्या २१ तारखेस, शुक्रवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, डोंगरावर रचलेला खाणीतील टाकाऊ मातीचा सातव्या क्रमांकाचा ढीग घसरला आणि खालच्या पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. ११६ मुले व २८ मोठी माणसे मेली. हा ढीग १९५८ साली सुरू झाला होता, आणि तो झऱ्यावर रचला होता. राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी दुर्घटनेनंतर सांगितले की, हा झरा अज्ञात होता. अज्ञात कोणास? त्या डोंगराखाली वाढलेल्या माणसांस तो ठाऊक होता. भूमापनाच्या नकाशावर तो दाखविलेला होता. शाळेच्या मागे रचल्या जाणाऱ्या ढिगांच्या धोक्याविषयी नगरपालिकेच्या इंजिनियरांनी १९६३ सालीच पत्रव्यवहार केला होता. शाळेपाशी साचणाऱ्या पाण्याबद्दल मातांनी अर्ज दिला होता. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी मंडळाने १९६७ साली आपल्या अहवालात दोष कोळसा मंडळावर ठेवला.

आमचे मित्र म्हणतील, "पाहा, नकाशा हाही कागदच!" खरे आहे. येथे कागद आणि आठवण दोन्ही एकच गोष्ट सांगत होत्या. परंतु नकाशा स्वतः होऊन कोणास हटकीत नाही. हटकणारी माणसे असतात, आणि ती खाणकामगार व त्यांच्या बायका असल्यामुळे त्यांच्या बोलण्यास पुराव्याची किंमत मिळाली नाही. गावातील सामान्य माणसास आपल्या गावाविषयी जे ठाऊक असते ते 'ज्ञान' नव्हे, ही समजूत आमच्या मित्रांच्या तोंडी एक विद्वत्तापूर्ण मत म्हणून शोभते. अ‍ॅबरफॅनच्या डोंगरावर तिची किंमत मुलांनी दिली. दुर्घटनेनंतर उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चापैकी दीड लाख पौंड लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच घेण्यात आले, आणि ती रक्कम १९९७ साली, तीही व्याजाविना, परत करण्यात आली. हे गावकरी विसरले नाहीत म्हणूनच ते पैसे परत आले. स्मृतीस विरंगुळा म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

आता दुसऱ्या बाजूसही आम्हांस काही सुनवावयाचे आहे. कारण आठवणींचे शत्रू जसे कागदपंडित, तसेच त्यांना साखरेत घोळणारे भक्तही आहेत. डॉर्सेटमधील टाइनम हे गाव १९४३ च्या डिसेंबरात लष्करी सरावासाठी रिकामे करण्यात आले. सुमारे २२५ माणसे बाहेर पडली. युद्ध संपल्यावर परत येऊ अशी त्यांची समजूत होती. १९४८ साली ती जमीन सक्तीने कायमची घेण्यात आली, आणि कोणी परतले नाही. आज तेथील चर्च व शाळेची खोली जपून ठेवली आहे. प्रवासी येतात, बाकांवरून हात फिरवितात आणि एका सुखी गावाचा अंत पाहून हळहळतात. पण ती शाळा लष्कराने बंद केलेली नाही. ती पटावर पुरेशी मुले उरली नाहीत म्हणून १९३२ सालीच बंद झाली होती. गावातील घरे बहुतेक एकाच जमीनदार घराण्याची असल्यामुळे भाडेकरूंच्या पदरी भरपाई म्हणून परसातील भाजीपाल्याचे पैसे तेवढे पडले. 'सुखी गाव' म्हणून उसासे टाकणाऱ्या आठवणीत ही दोन वाक्ये नसतील, तर ती आठवण गावाची नव्हे, चित्राच्या पोस्टकार्डाची आहे असे आम्ही समजतो.

मग आठवण कशी सांगावी व कशी घ्यावी? याचे उत्तम धडे त्याच देशात मिळतात. फ्लोरा टॉम्प्सन यांनी ऑक्सफर्डशायरमधील ज्युनिपर हिल या वस्तीवरील आपल्या बालपणाचे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध केले. त्यात फुले आहेत, गाणी आहेत; पण शेतमजुराची मजुरी आठवड्यास दहा शिलिंग होती हेही आहे, आणि त्या दहा शिलिंगांत घर कसे चाले याचा हिशेबही आहे. फुलांवरचा विश्वास आम्हांस त्या दहा शिलिंगांमुळे बसतो. जॉर्ज ईवर्ट एव्हन्स हे वेल्स लेखक १९४८ साली सफोकमधील ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहावयास गेले. त्यांची पत्नी तेथील शाळेत शिक्षिका होती. शेजारपाजारच्या वृद्ध मेंढपाळांशी व नांगऱ्यांशी बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आले की, यंत्रे येण्यापूर्वीची सबंध शेती या माणसांच्या बोलण्यात जिवंत आहे. सोळाव्या शतकातील टसरच्या शेतीविषयक पद्यांतील शब्द ही माणसे रोज वापरीत आहेत. त्यांनी ते ऐकले, हत्यारे पाहिली, जुन्या ग्रंथांशी ताडले आणि १९५६ साली पुस्तक केले. त्याच १९४८ साली लेस्टर येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. वाटा, कुंपणे व शेतांचे बांध हीच कागदपत्रे समजून वाचावीत, ही त्यांची शिकवण. या मंडळींनी कागद फेकून दिला नाही. त्यांनी त्यास सोबती दिले.

तेव्हा आठवणी सांगणाऱ्यांस व त्या टिपणाऱ्या मंडळांस आमचे मागणे एवढेच आहे की, चार प्रश्न टाळू नयेत. घर कोणाच्या मालकीचे होते? मजुरी किती मिळे? पाणी कोठून व कोणी आणावयाचे? आणि शाळेतून कोणते मूल सर्वांत आधी काढले गेले? एवढे सांगून झाल्यावर मग पाहिजे तितका सफरचंदांचा मोहोर वर्णावा. आमची हरकत नाही.

इतिहासाध्यापकांस आमचे सांगणे याहून कडक आहे. टाइनममधून १९४३ साली आईचे बोट धरून बाहेर पडलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे वय आज नव्वदीच्या पुढे आहे. अ‍ॅबरफॅनच्या शाळेतून वाचलेली मुले साठी उलटून गेली. दफ्तरखान्यातील कागद थांबेल. तो पुढील वर्षी पाहिला तरी चालेल. ही माणसे थांबणार नाहीत. आमच्या मित्रांनी आपले कागद अवश्य वाचावे. परंतु बाकावर बसलेला साक्षीदार उठून जाईपर्यंत वाचीत बसू नये. तो गेल्यावर त्याच्या गावाविषयी जे उरेल ते त्याच्या मालकाने लिहिलेले असेल.