प्रभूची इच्छा : सुस्कारा कीं शोध ?

परीक्षेंत अपयश आलें, घरांत मृत्यु झाला किंवा पीक बुडालें, म्हणजे “प्रभूची इच्छा !” हे शब्द आपल्या ओठीं सहज येतात. दुःखितांस त्यांत सांत्वन लाभतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जिचें स्मरण संकटानंतर होतें, त्या इच्छेचा शोध आपण संकटापूर्वीं, मार्ग निवडतांना, कितीसा करतों ?

येथें आमचाच एक अपराध सांगतों. एक हुशार पण गरीब विद्यार्थी मध्येंच शाळा सोडून गेला. “प्रभूची इच्छा” म्हणून आम्हीं हजेरीपटांतून त्याचें नांव कमी केलें. त्याच्या घरीं जाऊन कारण मात्र विचारलें नाहीं. पुढें कळलें कीं, अडचण केवळ वह्यापुस्तकांची होती. आमच्या आळसास आम्हीं देवाचें नांव दिलें होतें.

कित्येक जण डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतात आणि ज्या ओळीवर बोट पडेल तीस देवाज्ञा समजतात. प्रेषित पौलाची रीत निराळी होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायांत तो बिथुनियांत जाऊं पाहतो, पण आत्मा त्यास जाऊं देत नाहीं. मग त्रोवस येथें त्यास मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टांत होतो आणि तो लागलाच निघतो. जो बसूनच राहतो, त्यास वाट बंद झाल्याचेंहि कळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंचें (१८५८–१९२२) उदाहरण आहेच. १८९६ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुलींस आश्रय दिला. पुढें शास्त्र साध्या मराठींत यावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि तें भाषांतर त्यांनीं आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविलें. त्यांनीं प्रार्थना केली आणि व्याकरणहि अभ्यासिलें. या दोहोंत त्यांस विरोध दिसला नाहीं.

शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो, पुढें काय व्हावें हें प्रभूस अवश्य विचारा. पण शास्त्र नित्य वाचा, वडील माणसांचा सल्ला घ्या, आणि आज समोर असलेलें कर्तव्य आजच करा. स्पष्ट कळलेलें जो करीत नाहीं, त्यास अस्पष्ट असलेलें कसें कळावें ? आम्हीहि यापुढें कोणाचें नांव कमी करण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाणार आहों.