ग्राफिक्स कार्ड घेताना डोळे उघडे ठेवा

बारावी झालेला मुलगा ‘घरचा कॉम्प्युटर मीच जोडणार’ म्हणतो, तेव्हा आईवडिलांना कौतुक वाटते आणि धास्तीही. कौतुक त्याच्या हुशारीचे, धास्ती खर्चाची. गेम्स किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर हवा असेल तर खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डच खाते आणि फसगतही त्यातच जास्त होते.

फरीदाबादकरांना बाजार दूर नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये मेट्रोची वायलेट लाइन फरीदाबादला आली, २०१८ मध्ये बल्लभगडला पोहोचली. गाडी न बदलता थेट दिल्लीच्या नेहरू प्लेसला उतरता येते. पण तिथल्या गजबजाटात शिरण्यापूर्वी घरीच थोडा विचार करावा.

पहिला प्रश्न, कार्ड हवेच का? अभ्यास, हिशेब, सिनेमा एवढेच काम असेल तर अनेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असतेच. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ती नसते. पडद्यावर चित्र यायचे तर वेगळे कार्ड लागतेच.

नुसत्या नावावरही जाऊ नये. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ३०६०’ १२ जीबीचेही आहे आणि ८ जीबीचेही. नाव एक, पण ८ जीबीचे कार्ड कामातही कमी पडते. म्हणून खोक्यावरचा प्रत्येक शब्द वाचावा.

सेकंडहँड माल घेताना तर विशेष जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस राबवलेली ढीगभर कार्डे जगभरच्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड निकामी असते असे नाही, पण पंखे झिजलेले असू शकतात. काही महाभाग तर जुन्या कार्डातली माहिती बदलून ते नवे म्हणून खपवतात. तेव्हा कार्ड दुकानातच लावून अर्धा तास चालवून पाहावे. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्राम अशी अनेक नकली कार्डे ओळखतो. दुकानदार चालवून दाखवायला नाही म्हणाला, तर सरळ पुढचे दुकान गाठावे.

चांगले कार्डही निकृष्ट पॉवर सप्लायमुळे बिघडू शकते. ३०६० कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेते आणि त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवला जातो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या सप्लायवर विसंबू नये. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएसही साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. फरीदाबादच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, धूळही भरपूर. म्हणून हवा खेळती राहील असे कॅबिनेट घ्यावे, कार्डाची लांबी त्यात मावते का ते मोजावे आणि पंख्यांवरची धूळ अधूनमधून झाडावी.

‘बिल नको, तेवढे पैसे कमी देतो’ हा मोह टाळावा. १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण कार्ड बिघडले तर ग्राहकाच्या हाती पुरावा राहत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा, तो कार्डावरच्या नंबराशी ताडावा आणि वॉरंटी किती वर्षांची, भारतात कोण देणार, हे आधीच विचारावे. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मुलाला पैसे जरूर द्यावेत, पण सोबत बिल मागण्याची सवयही लावावी. ती कार्डापेक्षा जास्त टिकेल.