मूठभर शेंगदाणे आणि एक गाठ

तीळ, शेंगदाणे, बदाम, पिस्ते, डाळी यांत वनस्पतीजन्य स्टेरॉल असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखी असल्याने आतड्यात ते कोलेस्टेरॉलची वाट अडवतात. रोज सुमारे 2 ग्रॅम स्टेरॉल पोटात गेले तर रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल 8 ते 10 टक्के घटते. रोजच्या जेवणातून मात्र त्याहून बरेच कमी मिळतात.

प्रयोगशाळेत बीटा-सिटोस्टेरॉलने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखलेली दिसली आहे. पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. माणसांत हा उपचार सिद्ध झालेला नाही.

म्हणून भगिनींनो, शेंगदाणे जरूर खा. पण छातीत गाठ हाताला लागली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. संकोच बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.