रबरी बुशांस वंगण : एक अनिष्ट चाल

आपल्या शेतकरीवर्गांत वंगणाविषयींचा आदर पिढीजात आहे. बैलगाडीचा आंस कोरडा ठेवणारा मनुष्य आळशी समजला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु तोच नियम मालवाहू पिकअप व जीप यांच्या रबरी बुशांस लावण्याची जी चाल पडली आहे, ती आमच्या मतें सर्वथा चुकीची आहे. गाडी धुतल्यावर खालच्या अंगास सरसकट जळकें ऑइल फवारणें हा तिचाच प्रकार होय.

याचें कारण असें. आंसावर चाक घसरत फिरतें. रबरी बुश तसा फिरत नाहीं. त्याचें रबर बहुधा लोखंडी नळीस घट्ट चिकटविलेलें असतें, व चाक खालींवर होतांना तें स्वतःच पीळ खाऊन पूर्ववत् होतें. जेथें कांहीं घसरतच नाहीं, तेथें वंगणाचें काम काय? उलट खनिज तेल नैसर्गिक रबरांत मुरतें. रबर फुगतें, मऊ पडतें व अखेर फाटतें. मग गाडी एका बाजूस ओढते, टायर वेडेवांकडे झिजतात, आणि भाजीपाला भरून घाट उतरतांना गाडी हातांत राहत नाहीं. येथें प्रश्न केवळ पैशाचा नसून जिवाचा आहे.

कोणी म्हणेल, तेलानें आवाज तर लगेच थांबतो! थांबतो खरा, पण थोडे दिवस. करकरणारा रबरी बुश बहुधा झिजलेला असतो. तो बदलणें हाच उपाय. गंजाची भीति असल्यास तेल ब्रशानें लोखंडासच लावावें. रबर व ब्रेक यांस त्याचा स्पर्श होऊं देऊं नये.

पॉलियुरेथेनच्या बुशांची गोष्ट निराळी. ते सामान्यतः आंतील नळीवर घसरत फिरतात. म्हणून बसवितांना त्यांस वंगण अवश्य पाहिजे. मात्र तें सिलिकोनचें, घट्ट व पाण्यानें न धुपणारें असावें. ज्या धातूच्या बुशांस ग्रीसची निपल दिलेली आहे, त्यांस नेहमींचें ग्रीस वेळच्या वेळीं द्यावें.

नवा रबरी बुश बसवितांना साबणाचें पाणी पुरतें. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचा आवळावा. उचललेल्या गाडीखालीं आवळल्यास रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें. मेस्त्रीच्या घाईस मान न देतां मालकानें एवढें जवळ उभें राहून करवून घ्यावें. वंगण कोठें द्यावें हें आपण जाणतोंच. कोठें देऊं नये हेंहि आतां शिकलें पाहिजे.